जज कुठून आले, कुठे जाणार?

प्रश्न : वकीलताई, मी अमळनेर तालुक्यातली. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात राजकारण आहे, काका पंचायत समितीवर होते. ते म्हणतात, सनद घे, थोडी वर्षं कोर्टात काढ, लोक ओळखायला लागले की निवडणुकीला उभी राहा. मला मात्र न्यायाधीश व्हायचंय. परवा सरांनी वर्गात कॉन्स्टन्स बेकर मॉटली या अमेरिकन बाईंचं नाव घेतलं. त्या वकील होत्या, मग राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या आणि पुढे फेडरल जज झाल्या. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेली बाई न्यायासनावर कशी चालते? आणि आपल्याकडे ही वाट आहे का?
— एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : पोरी, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. हे नाव कायद्याच्या वर्गात घेतलं जावं असं मला फार वर्षांपासून वाटतं. मी वकिलीला लागले तेव्हा धुळ्याच्या बाररूममध्ये आम्ही बायका एका बाकावर मावायचो. उलटतपासाला उभी राहिले की मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "मोठे वकीलसाहेब कुठं आहेत?" मॉटलीबाईंबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते त्याच काळात, आणि तेव्हापासून त्या माझ्या मनात घर करून आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावचा. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबांत स्वयंपाकी होते. बारा भावंडांतल्या या नवव्या. शाळा संपली, कॉलेजला पैसा नव्हता. अठरा वर्षांच्या असताना गावातल्या समाजमंदिरात सभा भरली. काळ्या वस्तीसाठी एवढी चांगली इमारत बांधून दिली, तरी तिथे काळी माणसं का फिरकत नाहीत, हा विषय. ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, कारभारात आमचं कुणी नाही, आम्हाला कुणी विचारत नाही, मग आम्ही कशाला येऊ? इमारतीला पैसा देणारे क्लॅरन्स ब्लेकस्ली नावाचे गोरे बांधकाम व्यावसायिक समोरच बसले होते. त्यांनी शाळेतून तिचे गुण मागवून घेतले, तिला बोलावून पुढे काय व्हायचंय ते विचारलं आणि शिक्षणाचा सगळा खर्च उचलला. तोंडावर बोलणाऱ्या पोरीला शिकवणारा माणूस मला मोठा वाटतो. आपल्या खेड्यापाड्यांत असे ब्लेकस्ली आणखी हवेत.

१९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्याआधीच, १९४५ मध्ये, थर्गुड मार्शल यांनी त्यांना आपल्या कचेरीत घेतलं होतं. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी खटले लढवणारी ती कचेरी. शाळांमधली वर्णाधारित विभागणी मोडणारा १९५४ चा ब्राउन खटला तू अभ्यासला असशील. त्याच्या मूळ दाव्याचा मसुदा मॉटलीबाईंच्या हातचा आहे. जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून १९६१-६२ मध्ये त्या लढल्या. त्या वेळी मिसिसिपीत एका काळ्या बाईनं वकील म्हणून कोर्टात उभं राहायचं म्हणजे काय, याचा विचार करून बघ. तिथल्या कामात त्यांच्या पाठीशी मेडगर एव्हर्स नावाचे कार्यकर्ते होते. १९६३ च्या जूनमध्ये त्यांना स्वतःच्या घराच्या दारात गोळी घालून मारलं. त्याच वर्षी बर्मिंगहॅम शहरात मोर्चात गेली म्हणून हजारावर मुलं शाळेतून काढली गेली. मॉटलीबाई वरच्या कोर्टात गेल्या आणि मुलांना परत वर्गात बसवून आल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा प्रकरणं चालवली, नऊ जिंकल्या.

आता तुझा प्रश्न. १९६४ च्या फेब्रुवारीत त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या काळ्या बाई. जेमतेम वर्षभर तिथे होत्या, जोर होता गरिबांच्या घरांवर. १९६५ मध्ये मॅनहॅटन भागाच्या अध्यक्ष झाल्या, आणि २६ जानेवारी १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेडरल जजच्या पदासाठी त्यांचं नाव पाठवलं.

अमेरिकेत कोर्टांच्या दोन उतरंडी आहेत. प्रत्येक राज्याची आपली कोर्टं, आणि केंद्राच्या कायद्यांसाठी व राज्यघटनेच्या प्रश्नांसाठी फेडरल कोर्टं. फेडरल जजला राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण देशाच्या सिनेटनं मान्यता द्यावी लागते. म्हणजे त्या माणसाचं सगळं मागचं आयुष्य चव्हाट्यावर मांडून तपासलं जातं. मॉटलीबाईंच्या वाटेत कोण बसलं होतं बघ. ज्या मिसिसिपीविरुद्ध त्या लढल्या, तिथलेच सिनेटर जेम्स ईस्टलंड हे सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. त्यांनी बाईंना कम्युनिस्ट ठरवायचा प्रयत्न केला, फाईल महिनोन्‌महिने दाबून ठेवली. शेवटी ३० ऑगस्ट १९६६ ला मान्यता मिळाली आणि अमेरिकेला पहिली काळी फेडरल महिला जज मिळाली. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या त्या कोर्टात त्या पुढे १९८२ ते १९८६ मुख्य न्यायाधीश होत्या, आणि २००५ मध्ये वारल्या तोवर न्यायाधीशच होत्या. फेडरल जजला निवृत्तीचं वय नसतं. ही गोष्ट लक्षात ठेव, खालच्या पत्राला उत्तर देताना मला ती लागणार आहे.

आपल्याकडे कोर्टांची उतरंड एकच. अमळनेरच्या दिवाणी न्यायालयातला दावा अपिलात जिल्हा न्यायालयात, तिथून हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे आणि मग दिल्लीला. तुला खालून चढायचं असेल तर लोकसेवा आयोगाची दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा दे. मात्र २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली आहे. सात वर्षं वकिली झाली की थेट जिल्हा न्यायाधीशाच्या भरतीला बसता येतं. हायकोर्टासाठी घटनेच्या २१७ व्या कलमात दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद हवं असं आहे; तिथे अर्ज करायचा नसतो, न्यायवृंद, म्हणजे वरिष्ठ न्यायमूर्तींचा गट (कॉलेजियम), नाव सुचवतो. आमदार राहिलेल्या माणसाला हायकोर्टाचं दार बंद आहे असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. पण काकांच्या सांगण्याप्रमाणे आधी निवडणूक आणि मग परीक्षा, हा क्रम धरू नकोस. परीक्षेच्या वाटेनं एकदा न्यायाधीश झालीस की पक्षाचा झेंडा कायमचा खाली ठेवावा लागतो, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही.

आणि वकिलीतून विधानसभेत गेलेल्या बाईचं उदाहरण हवं असेल तर आपल्या जिल्ह्यातच आहे. प्रतिभाताई पाटील जळगावच्या कोर्टात वकिली करत होत्या. १९६२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून विधानसभेत गेल्या, पुढे एदलाबादमधून निवडून येत राहिल्या. २००७ ते २०१२ त्या राष्ट्रपती होत्या. आपल्याकडे हायकोर्टाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं नेमणूकपत्र राष्ट्रपतींच्या सहीनं निघतं. त्या पाच वर्षांत देशात जेवढ्या न्यायमूर्तींची नेमणूक झाली, त्या कागदांवर जळगावच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या वकीलबाईंची सही आहे. मला याचा अभिमान वाटतो.

प्रश्न : ताई, मी निवृत्त मुख्याध्यापक. पूर्वी पक्षाचं काम केलेल्या वकिलांना हायकोर्टात नेमलं की पेपरात वाद होतो. निवृत्त न्यायमूर्ती राजकीय पद घेतात तेव्हाही होतो. ज्यानं एकदा बाजू घेतली, तो निष्पक्ष निकाल देईल यावर सामान्य माणसानं विश्वास कसा ठेवायचा?
— एक वाचक, शहादा

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न मला कोर्टाच्या पायऱ्यांवर आयुष्यभर ऐकू आला. साक्री तालुक्यातली एक म्हातारी माझी पक्षकार होती. बांधाचं भांडण, चुलत दिराशी. दावा मध्यावर असताना न्यायाधीशांची बदली झाली. नवे साहेब रुजू झाल्याच्या दिवशी तिनं मला गेटवरच गाठलं. "ताई, नवा साहेब आपला शे का त्यासना?" साहेब कुठल्या गावचे, कुठल्या समाजाचे, कुणाच्या ओळखीतले, हे सगळं तिला आधी हवं होतं. साक्षीपुराव्यावर तिचा भरवसा नव्हता असं नाही, पण माणूस आपला असेल तर पुरावा वाचला जाईल, एवढंच तिला जगानं शिकवलं होतं.

त्या साहेबांनी काय केलं ते सांगते. दोन्ही बाजूंच्या वहिवाटीच्या गोष्टी ऐकून घेतल्या, मग भूमी अभिलेखच्या मोजणीचा नकाशा पुढ्यात घेतला आणि मोजणीदाराला स्वतः प्रश्न विचारले : खुणेचा दगड कुठे सापडला, साखळी कुठून धरली, हजर कोण होतं. निकालपत्रात आमच्या बाजूचा प्रत्येक मुद्दा लिहून तो का पटला किंवा का पटला नाही ते मांडलं. आम्ही साडेतीन गुंठे मागत होतो, दीड मिळाला. मी म्हातारीला निकाल बाकावर बसून वाचून दाखवला, परिच्छेदामागून परिच्छेद. ती म्हणाली, "साहेबनी आपलं समदं ऐकी लिधं." अपील करायचं का विचारलं तर नको म्हणाली. साहेब कुणाचे होते, हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

मॉटलीबाईंसमोर हाच प्रश्न १९७५ मध्ये आला, आणि विचारणारे न्यूयॉर्कचे बडे वकील होते. नोकरी देताना बायकांना डावललं म्हणून एका वकीलबाईनं वॉल स्ट्रीटवरच्या नामांकित वकिली संस्थेवर दावा लावला होता. तो मॉटलीबाईंकडे लागला. संस्थेच्या वकिलांनी अर्ज दिला : तुम्ही स्वतः बाई, स्वतः काळ्या, आणि आयुष्यभर भेदभावाविरुद्ध वकिली केलेल्या, तेव्हा बाजूला व्हा. त्यांनी अर्ज फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : न्यायाधीशाचा वंश, लिंग किंवा आधीची वकिली हेच बाजूला होण्याचं कारण मानलं, तर या कोर्टातला एकही न्यायाधीश हा दावा ऐकू शकणार नाही, कारण प्रत्येक जण कुठल्यातरी लिंगाचा आहे आणि प्रत्येकानं आधी वकिली केली आहे. गुरुजी, बायकांच्या दाव्यात बाई पक्षपाती ठरते, मग पुरुष का ठरत नाही? या प्रश्नाला त्या अर्जात उत्तर नव्हतं, आणि आजही तसे अर्ज करणाऱ्यांकडे नाही.

म्हणून न्यायाधीश आधी कोण होता, यानं मी फार घाबरत नाही. तो भूतकाळ सगळ्यांना दिसतो, त्यावर बोलता येतं, आणि निकाल चुकला तर वर अपील आहे. मॉटलीबाईंनाही अपिलाचा फटका बसला. तुरुंगात वर्षाहून अधिक काळ एकांतकोठडीत डांबलेल्या मार्टिन सॉस्त्रे या कैद्याच्या बाजूनं त्यांनी १९७० मध्ये मोठा निकाल दिला. वरच्या कोर्टानं पुढच्या वर्षी त्यातला बराच भाग फिरवला, थोडा कायम ठेवला. व्यवस्था अशीच चालायला हवी. त्यांचा १९७८ चा निकाल मात्र टिकला, तोही मला फार आवडतो : बेसबॉलच्या सामन्यानंतर पुरुष पत्रकारांना खेळाडूंच्या खोलीत जाऊन मुलाखती घेता येतात, तर मेलिसा लुडके या महिला पत्रकाराला यँकी स्टेडियमवर का अडवता?

मला भीती वाटते ती पुढच्या वाटेची. न्यायाधीश इथून कुठे जाणार आहे, त्याला आणखी काय मिळवायचं आहे, हे मी बघते. आपल्याच देशातली तीन माणसं घ्या.

व्ही. आर. कृष्ण अय्यर तलश्शेरीचे वकील. १९५२ मध्ये मद्रासच्या विधानसभेत, १९५७ मध्ये केरळच्या विधानसभेत आणि नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री. १९६८ मध्ये केरळ हायकोर्टात, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. कैद्यांना माणूस म्हणून वागवा असं सांगणारे त्यांचे निकाल मी कितीतरी जामीन अर्जांत वापरलेत. अलाहाबाद हायकोर्टानं निवडणूक रद्द ठरवली तेव्हा, २४ जून १९७५ ला, इंदिरा गांधींना त्यांनी सशर्तच स्थगिती दिली : पंतप्रधान राहा, पण लोकसभेत मतदान करता येणार नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी लागली.

के. एस. हेगडे १९५२ ते १९५७ काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, तिथून थेट म्हैसूर हायकोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयात असताना, राज्यघटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात ते बहुमताच्या बाजूनं, म्हणजे त्याच काँग्रेसच्या सरकारविरुद्ध उभे राहिले. १९७३ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. आधीच्या पक्षाचा शिक्का त्यांच्या लेखणीला चिकटला नाही.

तिसरे बहरुल इस्लाम. तेही राज्यसभेतून गुवाहाटी हायकोर्टात गेले. १९८० मध्ये, हायकोर्टातून निवृत्त झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले. १९८३ मध्ये निवृत्तीला थोडे आठवडे उरले असताना राजीनामा देऊन काँग्रेसच्या उमेदवारीकडे वळले आणि त्याच वर्षी पुन्हा राज्यसभेत पोहोचले. त्यांच्या निकालांत खोट होती असं मी म्हणत नाही. पण तुमच्या-माझ्यासारख्याला ते निकाल पुन्हा उघडून बघावेसे वाटले, हे नुकसान झालंच.

या तिघांनाही राजकारणाचा भूतकाळ होता. फरक पडला तो पुढच्या दाराजवळ. वर मी फेडरल जजच्या निवृत्तीबद्दल लक्षात ठेवायला सांगितलं ते याचसाठी. मॉटलीबाईंना कोर्टानंतर काही मिळवायचं उरलंच नव्हतं, त्यामुळे कुणाकडे बघून निकाल द्यायचं कारणही उरलं नव्हतं. आपल्याकडे हायकोर्टात बासष्टाव्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयात पासष्टाव्या वर्षी माणूस मोकळा होतो. तब्येत ठणठणीत, हाताशी अनुभव, आणि पदं देणारं सरकारच. माझं स्पष्ट मत आहे की निवृत्तीनंतर ठरावीक वर्षं कुठलंही राजकीय पद घ्यायला बंदी हवी, आणि ती कायद्यानं हवी. प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडून चालणार नाही.

प्रश्न : मी रावेरला वकिली करतो. उद्या आमदार झालो तर सनद जमा करावी लागेल का?
— एक तरुण वकील, रावेर

उत्तर : नाही भाऊ. आमदार-खासदारांना वकिलीची बंदी करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फेटाळली. आमदार हा काही शासनाचा पूर्णवेळ नोकर नाही, त्यामुळे बार कौन्सिलचा नोकरीबाबतचा नियम त्याला लागत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मंत्री झालात तर मात्र कोट खुंटीला टांगायचा.

वर ज्यांच्याबद्दल एवढं लिहिलं त्या मॉटलीबाईंचीही वकिली सिनेटर असताना चालूच होती. १९६४ च्या डिसेंबरात अलाबामातल्या एका काळ्या आरोपीसाठी त्या सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. ज्युरीतून काळ्या माणसांना ठरवून वगळतात, हा त्यांचा मुद्दा होता. दहांपैकी हरलेलं प्रकरण ते हेच. १९८६ मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या खटल्यात आपली ती भूमिका बदलली.

तुमच्यासाठी कामाची सूचना एवढीच : हिवाळी अधिवेशन नागपूरला, बाकीची मुंबईत, आणि रावेरहून दोन्ही लांब. ज्यांचे दावे पुराव्याला आलेत त्यांना आधीच सांगा, वकीलपत्रावर जोडीला दुसऱ्या वकिलाचं नाव घ्या, आणि जिथे सरकार समोर आहे असं प्रकरण आमदार असेपर्यंत नवीन घेऊ नका. शेवटची गोष्ट नियमात नाही, पण तुमचा पक्ष सत्तेत असो वा विरोधात, तालुक्यातले लोक ती बरोबर बघतात.